पुरात बुडालेले दुकान आणि समाजाचे साहाय्य : एक अभ्यास

आपत्तीत घर पडलेल्या माणसाविषयी आपल्या मनात चटकन कणव निर्माण होते. दुकान बुडालेल्या माणसाविषयी मात्र आपला विचार थोडा निराळा असतो. 'व्यापारी माणूस आहे, उभा राहील', 'विमा असेलच की', 'इतकी वर्षे कमावले आहे' अशी वाक्ये आपण सहज बोलून जातो. परंतु आपण ज्याला दुकान म्हणतो, ते पुष्कळदा दहा बाय बाराच्या गाळ्यातील किराणा असतो, दोन शिलाई यंत्रांचे टेलरिंग असते, चप्पल-बूट विक्री व दुरुस्ती असते, किंवा झेरॉक्सचे एक मशीन आणि वह्या-पेनांची एक फळी असते. तेथे नवरा, बायको आणि कॉलेजला जाणारा मुलगा आळीपाळीने बसतात. त्यांना पगार नाही, भरपगारी रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. नोकरदाराच्या घरात पाणी शिरले तरी एक तारखेला त्याचा पगार खात्यावर जमा होतो. दुकानदाराचे मात्र घर आणि पगार एकाच दिवशी वाहून जातात.

अशा कुटुंबाला आजूबाजूच्या समाजाने नेमकी कोणती मदत करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मदत करण्याची इच्छा आपल्याकडे कमी नाही. परंतु ती कोणत्या आठवड्यात, कोणत्या स्वरूपात पोहोचते यावर दुकानाचे शटर पुन्हा उघडणार की नाही हे अवलंबून असते. अभ्यासासाठी चिपळूणच्या बाजारपेठेचे उदाहरण घेतले आहे. आपल्यापैकी अनेक सभासदांची गावे रत्नागिरी-रायगडात असल्याने हा प्रसंग त्यांना परका नाही.

चिपळूणचा पूर

दिनांक २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहरात वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी शिरले. आदल्या दिवसापासून सह्याद्रीच्या माथ्यावर अतोनात पाऊस पडत होता. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत जाऊन समुद्राला मिळते. खाडीला भरती असली की वरचे पाणी पुढे सरकत नाही, ते शहरात पसरते. त्यातच कोयना प्रकल्पाच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडीमार्गे याच नदीत येते. त्या दिवशी ते किती आले आणि केव्हा आले यावर पुढे बराच वाद झाला. नदीच्या पात्रात वर्षानुवर्षे साचलेला गाळ हे आणखी एक कारण. बाजारपेठेतील तळमजल्यावरची दुकाने छतापर्यंत पाण्यात गेली. याच काळात महाड शहरही बुडाले आणि महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून मोठी मनुष्यहानी झाली.

चिपळूणला पूर नवा नव्हता. २६ जुलै २००५ रोजीही शहर बुडाले होते. जुन्या दुकानदारांच्या मनात त्या पाण्याची एक खूण होती, आणि माल उचलून ठेवताना माणूस अशाच एखाद्या खुणेच्या भरवशावर उचलतो. २०२१ चे पाणी त्या खुणेच्या वर गेले, त्यामुळे पोटमाळ्यावर ठेवलेला मालही भिजला. म्हणून 'वेळेवर माल का हलवला नाही' हा प्रश्न पूरग्रस्त दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली म्हणजे हा कोविडचा दुसरा पावसाळा होता. निर्बंधांमुळे दुकाने कित्येक महिने बंद किंवा अर्धवेळ चालली होती. हातातली शिल्लक पुराच्या आधीच संपलेली होती. दुसरी गोष्ट तारखेची. २०२१ साली गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे पुरानंतर बरोबर ५० दिवसांनी. कोकणातील दुकानाला गणपतीचा हंगाम म्हणजे काय, हे कोकणी वाचकांना सांगायला नको. मुंबईकर चाकरमानी गावी येतो, आणि वर्षाच्या विक्रीचा फार मोठा हिस्सा त्या पंधरा-वीस दिवसांत पदरात पडतो. तेव्हा दुकानदारापुढे प्रश्न होता तो एवढाच की, ५० दिवसांच्या आत फळीवर माल दिसेल की नाही? दिसला तर कर्जाचे हप्ते, मुलांची फी, दिवाळीचा माल, सगळे मागोमाग शक्य होते. नाही दिसला तर पुढची विक्री थेट दिवाळीत, आणि तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाच्या पायरीला सरावलेले असते.

पहिला आठवडा : हात आणि कॅमेरा

पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल राहतो. त्यात तांदूळ, डाळ, साबण, डिझेल, गटाराचे पाणी असे सगळे एकजीव झालेले असते. दोन दिवसांत त्याला दुर्गंधी सुटते आणि आठवड्यात तो वाळून दगडासारखा होतो. या काळात पैशापेक्षा माणसांचे हात अधिक उपयोगी पडतात. फावडी, घमेली, ढकलगाड्या, पाण्याचा टँकर, एखादा पंप आणि दहा तरुण. चिपळुणात त्या वेळी ठिकठिकाणांहून स्वयंसेवक येऊन चिखल काढीत होते. त्यांचे काम पुष्कळ अनुदानांपेक्षा मोलाचे होते, असे माझे मत आहे. मात्र जखम असलेल्या पायाने चिखलात उतरू नये. गमबूट घालावेत आणि आरोग्य केंद्रातून लेप्टोस्पायरोसिसवरील प्रतिबंधक गोळ्यांविषयी आधी विचारून घ्यावे. मदतीला गेलेला मुलगा तापाने अंथरुणाला खिळला तर दुसऱ्या आठवड्यात कोणीही येत नाही.

येथे एक घोटाळा हमखास होतो. स्वच्छतेच्या उत्साहात सगळा माल रस्त्यावर आणून टाकला जातो, नगरपालिकेचा डंपर येतो आणि तो घेऊन जातो. दुकान स्वच्छ होते, पण नुकसानीचा पुरावाही त्याबरोबर जातो. नंतर तलाठी पंचनाम्याला येतात, विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, आणि दुकानदार मोकळ्या भिंती दाखवतो! म्हणून दहा तरुणांपैकी एकाने फावडे बाजूला ठेवून मोबाईल हातात घ्यावा. प्रत्येक फळीचा, प्रत्येक गोणीचा, फ्रीजच्या आणि वजनकाट्याच्या नंबरपट्टीचा, तसेच भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढावा. दुसऱ्याने वहीत यादी करावी : मालाचे नाव, नग किंवा किलो, अंदाजे खरेदीची किंमत. यादीखाली शेजारच्या दोन दुकानदारांच्या सह्या घ्याव्यात. आपल्या संस्थेतील बारावी झालेला कोणताही विद्यार्थी हे काम करू शकतो आणि त्याला एक दिवस पुरतो. विमा असेल तर कंपनीला लगेच लेखी किंवा फोनवर कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. आरोग्याच्या कारणाने माल टाकणे भागच असेल, तर कळवल्यानंतर आणि फोटो काढल्यानंतर टाकावा.

भिजलेले धान्य वाळवून स्वस्तात विकण्याचा मोह होतो, आणि आपल्याच वस्तीतील गरीब माणूस ते घेतो. असे धान्य विकू नये आणि दयेपोटी विकतही घेऊ नये. त्यात गटाराचे पाणी गेलेले असते.

उधारीची वही

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला आहे त्याकडे वळू.

वस्तीतील किराणा दुकानाची खरी मालमत्ता फळीवर दिसते तेवढीच नसते. तिचा मोठा भाग गल्ल्याखालच्या लाल वहीत असतो. महिन्याच्या किराण्याची उधारी, कोणाच्या घरी बारसे झाले त्याचे रवा-साखर, कोणाचा पगार लांबला म्हणून दोन महिन्यांचे तेल. ज्या दुकानात दोन लाखांचा माल असतो तेथे लाख-दीड लाख उधारी असणे नवलाचे नाही. पुरात माल बुडतो तो डोळ्यांना दिसतो. वही बुडते ती कोणालाच दिसत नाही. निळ्या शाईच्या बॉलपेनने लिहिलेली पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो.

या नुकसानीचा पंचनामा होत नाही. दुकानाच्या मालाचा विमा तिला लागू होत नाही. सरकारी अनुदानाच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नाही. ही रक्कम परत आणू शकणारी माणसे एकच, ती म्हणजे ज्यांनी उधारी घेतली ती. आणि ती माणसे म्हणजे आपणच आहोत.

यात एक अडचण आहे, ती नाकारता येणार नाही. ज्याच्याकडे उधारी आहे तोही अनेकदा पूरग्रस्तच असतो. त्याच्याही घरात चिखल आहे. त्याने सगळी रक्कम एकदम द्यावी असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु रक्कम देणे आणि रक्कम मान्य करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुकानात जाऊन, 'अण्णा, माझ्याकडे अमुक इतके येणे आहे, मी दरमहा पाचशे देईन', असे सांगून कागदावर लिहून सही केली तरी दुकानदाराच्या हातात पुन्हा वही येते. हा कागद कायद्यानेही निरर्थक नाही. मुदतीचा कायदा, १९६३ प्रमाणे अशा येण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते, आणि मुदतीच्या आत लेखी व सहीनिशी येणे मान्य केले तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. पण कायद्यापेक्षा मला दुसरा उपयोग महत्त्वाचा वाटतो. असे साठ-सत्तर कागद घेऊन दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे गेला, तर तो व्यापारी महिनाभराच्या उधारीवर माल द्यायला तयार होऊ शकतो. आपण मान्य केलेल्या पाचशे रुपयांवर त्याची पत उभी राहते.

हे काम दुकानदाराने स्वतः करणे कठीण जाते. पूर आलेला असताना दारोदार उधारी मागत फिरणारा माणूस लोकांना बरा वाटत नाही, आणि भिडस्त दुकानदार ते करीतही नाही. महिला मंडळाने किंवा संस्थेच्या कार्यकारिणीने पुढाकार घेतला तर संकोच जातो. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, सभागृहात किंवा दुकानासमोर एक टेबल टाकावे, प्रत्येकाने आपली आठवण सांगावी आणि नवी वही लिहिली जावी. दोघांच्या आठवणीत फरक पडेल तेथे पंच म्हणून ज्येष्ठ सभासदाने बसावे. कोणाची रक्कम किती हे मात्र माईकवरून जाहीर करू नये. उधारी हा प्रत्येक घराचा खासगी विषय आहे. जी कुटुंबे खरोखर देऊ शकत नाहीत त्यांची नावे दुकानदाराने आणि संस्थेने मिळून ठरवावीत. त्यांच्या वतीने संस्थेच्या निधीतून रक्कम भरली, तर एकाच पैशात दोन कुटुंबांना मदत होते. संस्था कपडे आणि भांडी वाटण्यावर जो खर्च करते त्यातील काही भाग इकडे वळवावा, अशी माझी सूचना आहे.

शासन, विमा आणि बँक

२०२१ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनाने ऑगस्टच्या आरंभी ११,५०० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत दुकानदारांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५०,००० रुपये आणि टपरीधारकांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त १०,००० रुपये अशी तरतूद होती. ज्याचा सहा लाखांचा माल गेला त्याला मिळणारे ५०,००० म्हणजे बारावा हिस्सा. शासनाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. शासकीय अनुदान हा हातभार असतो, ती भरपाई नसते, हे ध्यानात यावे म्हणून लिहिले.

हा हातभार मिळण्यासाठी अधिकृत दुकानदार असणे, स्थानिक मतदार यादीत नाव असणे, रेशनकार्ड असणे अशा अटी होत्या. आपल्या वस्त्यांतील दुकाने नेमकी येथे अडतात. परवाना वारलेल्या वडिलांच्या नावावर, गाळा पागडीचा, भाडेपावती तिसऱ्याच्या नावावर आणि दुकान चालवणारी सून. तिचे नाव एकाही कागदावर नाही! महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी दाखला घ्यावा लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पोच घेतली की पुरते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणीही घरबसल्या आणि विनाशुल्क होते. ज्या घरात संगणक येणारा मुलगा आहे त्या घरातील दुकान कागदाअभावी अनुदानाला मुकावे, हे पटण्यासारखे नाही.

विम्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बँकेच्या खिडकीवर सर्वांत जास्त गैरसमज याविषयी आढळतात. बँकेचे कर्ज असले की बँक मालाचा विमा उतरवते व हप्ता खात्यातून वळता होतो. खातेदार पासबुकात ती नोंद पाहतो आणि निर्धास्त होतो. पॉलिसीचा कागद तो मागत नाही. त्या कागदावर तीन गोष्टी पाहायच्या असतात. एक, पत्ता. दुकान एका गल्लीत आणि गोदाम दुसऱ्या गल्लीत असेल आणि पॉलिसीत फक्त दुकानाचा पत्ता असेल, तर गोदामातील मालाचे संरक्षण नसते. दोन, पुराचे संरक्षण. जुन्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत वादळ-पुराचा भाग वगळून हप्ता कमी करून घेता येत असे, आणि काही लोक तसे करीत. १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या या पॉलिसीत पूर समाविष्ट आहे. तीन, विम्याची रक्कम, आणि येथेच सर्वांत जास्त लोक फसतात.

समजा दुकानात प्रत्यक्ष माल ८ लाखांचा आहे आणि हप्ता वाचावा म्हणून विमा ४ लाखांचाच घेतला. पुरात ६ लाखांचा माल गेला. दुकानदाराला वाटते, विमा ४ लाखांचा आहे, तेव्हा ४ लाख मिळतील. परंतु कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच मालाचा विमा उतरवला, म्हणून नुकसानीही निम्मीच मिळेल, म्हणजे ३ लाख. याला 'ॲव्हरेज'ची अट म्हणतात. वर सांगितलेल्या नव्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्याहून जास्त असेल तर ही अट लागू होते. आणि बँकेचे नाव पॉलिसीवर असल्याने मिळालेली रक्कम आधी कर्जखात्यात जमा होते. दुकानदाराच्या हातात नवा माल भरायला काय उरले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

कॅश क्रेडिटचे गणितही समजून घेतले पाहिजे. ४ लाखांच्या मालावर २५ टक्के मार्जिन सोडून बँक ३ लाख उचलू देते. माल १ लाखाचा उरला की उचल करण्याचा अधिकार ७५,००० वर येतो. पण खात्यावर तर पावणेतीन लाख उचललेले असतात. म्हणजे ज्या दिवशी पैशाची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी खाते अनियमित! आणि थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की ते अनुत्पादित खात्यांत जमा होते. यावर उपाय आहे. नैसर्गिक आपत्तीच्या क्षेत्रातील कर्जांची पुनर्रचना करण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना एकत्रित निर्देश दिले. पुनर्रचनेचे काम तीन महिन्यांत आटोपावे आणि आपत्तीच्या आधीपासून थकीत असलेल्या खात्याला ही सवलत नसावी, असे त्यांचे सूत्र होते. हे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून शाखेत त्या वेळचे परिपत्रक विचारावे. तोंडी विचारण्यापेक्षा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पुष्कळ खातेदार लाजेने बँकेत येतच नाहीत, आणि मग तीन महिने निघून जातात. संस्थेच्या सभासदांत बँक कर्मचारी असतील तर त्यांनी एक रविवार अर्ज लिहून देण्यासाठी द्यावा.

वस्तू व सेवा कर नियमित पद्धतीने भरणाऱ्या दुकानदारांसाठी आणखी एक सूचना. नष्ट झालेल्या मालावर पूर्वी घेतलेली कराची वजावट कायद्याने परत करावी लागते. म्हणजे माल गेला तो गेलाच, वर त्यावरील करही भरायचा! याची तजवीज हिशेबनिसाला विचारून आधीच करावी, नाहीतर वर्षाखेरीस नोटीस येते.

आगाऊ किराणा

आता भांडवलाचा प्रश्न. देणगी गोळा करून दुकानदाराच्या हातात देणे हा एक मार्ग आहे. तो स्वाभिमानी माणसाला अवघड जातो आणि संस्थेचा निधीही एकाच घरात संपतो. मला दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. तो म्हणजे गिऱ्हाइकांनी किराण्याचे पैसे आगाऊ द्यावेत.

वस्तीतील ४० कुटुंबांनी प्रत्येकी १,००० रुपये दिले तर ४०,००० रुपये जमतात. दुकानदार त्याचा माल भरतो. प्रत्येक कुटुंब दरमहा २५० रुपयांचा माल याप्रमाणे चार महिन्यांत आपले हजार रुपये मालाच्या रूपाने परत घेते. समजा खरेदीवर शेकडा ८ नफा सुटतो आणि माल महिन्यातून दोनदा फिरतो. पहिल्या पंधरवड्यात ४०,००० चे ४३,२०० झाले, त्यातून ५,००० चा आगाऊ माल गेला, उरले ३८,२००. दुसऱ्या पंधरवड्यात ३८,२०० चे ४१,२५६ झाले, ५,००० गेले, उरले ३६,२५६. विद्यार्थ्यांनी पुढचा हिशेब वहीवर करून पाहावा. आठव्या पंधरवड्याअखेर सर्वांचे पैसे फिटतात आणि दुकानदाराकडे सुमारे २०,८०० रुपयांचे स्वतःचे, बिनव्याजी भांडवल उरते. यात घरखर्च, भाडे आणि वीजबिल वजा केलेले नाही. ते चार महिने अनुदानातून किंवा घरातील दुसऱ्या मिळकतीतून भागवावे लागेल, हे आधीच बोलून घ्यावे. तसेच त्या आगाऊ रकमेतून नवी उधारी मुळीच देऊ नये. एका कुटुंबाने मोडले की चाळीसही मोडतात.

ज्यांची भिशी चालते त्यांना हा व्यवहार नवा वाटणार नाही. फरक एवढाच की येथे पहिली पाळी कोणाची, हे पुराने ठरवलेले असते.

याच्या नेमके उलटे काम मदतीच्या ट्रकमुळे नकळत होते. पहिल्या दहा दिवसांत शिधा-कपडे आवश्यकच असतात, त्याबद्दल दुमत नाही. परंतु दुकाने उघडू लागल्यावरही मोठ्या शहरातील घाऊक बाजारातून तांदूळ, तेल, साबण आणून फुकट वाटत राहिले, तर नुकतेच शटर उघडलेल्या दुकानात गिऱ्हाईक येणार कसे? तिसऱ्या आठवड्यापासून संस्थांनी शिध्याची पाकिटे पूरग्रस्त दुकानांतूनच विकत घ्यावीत. भाव दोन रुपये जास्त पडेल, तो पडू द्यावा. ज्याला शिधा मिळतो त्याचे काही कमी होत नाही आणि दुकानात मात्र रोख विक्री होते. वह्या-पुस्तके, गणवेश शिलाई, छत्र्या, चपला यांनाही हेच लागू आहे. शंभर तयार गणवेश बाहेरून आणण्यापेक्षा कापड आणून गावातल्या दोन टेलरांना शिवायला द्यावे. अर्थात त्यात ट्रकसमोर बॅनर धरून फोटो काढता येत नाही, ही एक गैरसोय आहे!

गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवावा, असे भगवान बुद्धांनी सिगालाला सांगितल्याचे दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. दुसऱ्या एका सुत्तात, व्यग्घपज्जाला उपदेश करताना, संपत्तीला कोणापासून जपावे याच्या यादीत आग आणि पाणी स्पष्टपणे येतात. चौथा भाग बाजूला टाकणे आजच्या लहान दुकानदाराला झेपत नाही हे खरे. परंतु रोजच्या गल्ल्यातून २० रुपये वेगळ्या खात्यात टाकले तर वर्षाला ७,३०० होतात, आणि लहान दुकानाच्या विम्याचा हप्ता त्यातून बहुधा सहज निघतो.

पुढच्या पावसाळ्याआधी

चिपळूणच्या व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी पुरानंतर एक गोष्ट केली ती उल्लेखनीय आहे. ते अनुदानाच्या रांगेवर थांबले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये 'चिपळूण बचाव समिती'च्या वतीने नद्यांतील गाळ काढावा म्हणून दीर्घ काळ उपोषण झाले. त्यानंतर शासकीय यंत्रणेने गाळ काढण्याचे काम हाती घेतले आणि २०२२ मध्ये 'नाम फाउंडेशन'नेही त्यात सहभाग घेतला. एकट्या दुकानदाराला नदीचा गाळ काढता येत नाही. तो बाजारपेठेने मिळून मागावा लागतो. दुसरीकडे पूररेषेचा प्रश्न आला. निळ्या आणि लाल रेषेच्या आत बांधकामावर बंधने येतात आणि चिपळूणचा जुना बाजार बराचसा त्या रेषांत येतो, म्हणून तेथे त्याला विरोध झाला. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पाणी तेथे येते हे खरे, आणि शंभर वर्षांचे गिऱ्हाईक तेथेच येते हेही खरे. दुकान डोंगरावर नेता येते, पण रिक्षा-स्टँड, एस.टी. आणि आठवडा बाजार त्याच्यामागून डोंगरावर येत नाहीत.

जे दुकान हलवता येत नाही त्याचे कागद तरी हलवता येतात. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक दुकानदार सभासदाने शॉप ॲक्टची पोच, भाडेकरार, विमा पॉलिसी, मागील महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट, खरेदीची मोठी बिले यांच्या झेरॉक्स प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात. उधारीच्या वहीचे फोटो दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोबाईलवर काढून मुलीच्या किंवा भावाच्या मोबाईलवर पाठवावेत. पन्नास पानांच्या वहीला दहा मिनिटे लागतात. संस्थेच्या कार्यालयात ज्यांना अशा प्रती ठेवायच्या असतील त्यांच्यासाठी पहिल्या मजल्यावरील कपाटाचा एक खण मोकळा करावा, आणि त्याची किल्ली दोन माणसांकडे असावी.